वंदनाची बाटली

हे मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात भरल्या सभागृहात उभी राहून चार वाक्यं बोलले, तेवढंच. बाकीचं तुम्हाला सांगते.

जळगावातल्या ज्या रसायनशास्त्र विभागात मी आज प्राध्यापक आहे, तिथेच मी एम.एस्सी. केलं. पाचोऱ्याहून रोज रेल्वेने जायचे. माझ्या वर्गातली वंदना वसतिगृहात राहायची. साक्रीकडच्या डोंगराळ गावातली, घरी कोरडवाहू शेती. वर्गात बोलताना अहिराणी निसटली की मुलं हसायची. पण प्रयोगशाळेत तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. मी उतावीळ. माझ्या चंचुपात्रात डोकावून ती म्हणायची, "घाई करू नको. खडे पडाले येळ लागस." खडे म्हणजे स्फटिक.

ती माझी मैत्रीण होती — हे आधी सांगायला हवं होतं का?

शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकच पदार्थ तयार करायचा आणि छोट्या बाटलीत भरून, वर आपल्या क्रमांकाची चिठ्ठी चिकटवून सुकायला ठेवायचा. दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक त्याचा मेल्टिंग पॉइंट बघणार. शुद्ध पदार्थ एका अंशाच्या आत झटकन वितळतो. अशुद्ध असला की आधी मऊ पडतो, मग रेंगाळत वितळतो. तिथे लपवालपवी चालत नाही.

दुसऱ्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. माझी चिमूटभर पूड तापवून पाहिली — पाच-सहा अंश रेंगाळली. मग वंदनाची पाहिली. कशाला पाहिली? एकशे अडुसष्टला सुरू, एकशे एकोणसत्तरला संपली. दोघींचीही पूड पांढरीशुभ्र, दोन्ही बाटल्या सारख्या. चिठ्ठ्यांचा डिंक अजून ओलसर होता, सहज निघाल्या.

मी त्या बदलल्या.

घाबरले होते, असं म्हणू? नव्हते. पहिल्या येणाऱ्याला विभागात संशोधनाची जागा मिळणार होती आणि ती मला हवी होती; तोवर आम्हा दोघींचे गुण सारखेच होते. चिठ्ठ्या नीट दाबून चिकटवल्या.

परीक्षकांनी वंदनाला सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझ्या हाताला स्वच्छता नाही. संशोधनाचा विचार सोड." तिने स्वतःचे हात पाहिले — मी शेजारच्या टेबलावरून ते पाहिलं. मी पहिली आले. ती साक्रीला परत गेली, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागली.

आणि ती थांबली नाही! हे लिहिताना मला आजही आनंद होतो. चाळिशी ओलांडल्यावर तिने आमच्याच विभागात पीएच.डी.ला नाव नोंदवलं, दुसऱ्या सरांकडे. विषय तिच्या भागातल्या एका रानवनस्पतीच्या मुळातले घटक. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांत येऊन, कित्येक वर्षं. जिन्यात भेटली की मला "मॅडम" म्हणायची.

गेल्या महिन्यात तिची खुली मौखिक परीक्षा झाली. साक्रीहून तिच्या विद्यार्थिनी जीप करून आल्या होत्या. पहिल्या रांगेत तिचे वडील, आबा, पांढरी टोपी घालून बसले होते. वंदना काय बोलली म्हणून सांगू! परीक्षकांनी एकामागून एक प्रश्न टाकले, तिने प्रत्येकाचं उत्तर शांतपणे फळ्यावर मांडलं. शेवटी त्यांनी विचारलं, "प्रत्येक प्रयोग तीन-तीनदा का केलात? एवढी गरज नव्हती."

ती म्हणाली, "सर, माझा हात स्वच्छ नाही. इथेच मला तसं सांगितलं होतं. म्हणून मी एकदा मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवत नाही."

तेव्हा मला कळलं, मी नुसती जागा नाही, तिचे हात चोरले होते.

अध्यक्षांनी श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगितलं. मी उभी राहिले. म्हणाले, "माझा प्रश्न नाही. एम.एस्सी.च्या त्या परीक्षेत वंदनाच्या नावावर तपासली गेलेली बाटली माझी होती. चिठ्ठ्या मी बदलल्या. तिचा हात तेव्हाही स्वच्छ होता."

वंदना माझ्याकडे वळली. मग तिने विचारलं, "माझा मेल्टिंग पॉइंट किती आला होता?"

"एकशे अडुसष्ट ते एकशे एकोणसत्तर."

तिने खडू उचलला आणि तो आकडा फळ्यावर, आपल्या प्रबंधातल्या आकड्यांशेजारी लिहिला. मोठ्या अक्षरात. आबांना काही उमगलं नव्हतं. त्यांनी मोठ्याने विचारलं, "काय म्हनी राहिनी ती बाई?"

वंदना म्हणाली, "आबा, मन्हं काम बरोबर व्हतं."

आबांनी टोपी सारखी केली आणि टाळी वाजवली. मग मागच्या मुलींनी, मग परीक्षकांनी, मग सगळ्या सभागृहाने. मीही वाजवली. मला तो हक्क होता की नाही, माहीत नाही.

ती आता डॉक्टर वंदना आहे. जाताना माझ्याशी बोलली नाही. जीप फाटकाबाहेर पडेपर्यंत मुलींचा आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्या बदलल्याचं लिहून, सही करून विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवलं. माझ्या पदाचं काय करायचं ते विद्यापीठ ठरवेल. आमच्या वर्षी विभागात पहिली आली होती ती वंदना.