डाव्या हाताचा भाता

आज बरी सापडलीस! इकडे ये गं, अशी जवळ बस. नाताळपासून दोनदा नगरला येऊन गेलीस म्हणे, आणि माझ्या दारावरून तशीच? शोभतं का तुला? आता मुकाट्यानं ऐक.

मला पियानो कुणी शिकवला नाही. चर्चमध्ये पेटी वाजवायचे, उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. पुढे कुणीतरी गाव सोडून जाताना चर्चला पियानो देऊन गेलं, तशी त्याच्यापुढे बसले. उजवा हात चार दिवसांत रुळला. डावा मेला भाताच शोधत राहिला. सूर धरला की खांदा मागेपुढे. मला वाटायचं, असंच वाजवतात. पोरांनाही तसंच शिकवलं. तू श्रीगोंद्याहून दर शनिवारी एसटीनं यायचीस, आणि आपल्या दोघींचे खांदे बरोबरीनं हलायचे.

मग तू पुण्याला शिकायला गेलीस, आणि तिथल्या मॅडमनी वर्षभरात तुझा हात सुधारला. नाताळच्या कार्यक्रमात मी तिसऱ्या बाकावर बसून तुझा खांदाच बघत होते. आता हलेल, मग हलेल. चर्चमध्ये बसून देवाकडे असलं मागत होते! नाही हलला. शेजारच्या मावशींनी मला कोपर मारलं, "बाई, ही तुमचीच पोरगी ना वो? लई ग्वाड वाजवती. तुमच्यावानी हालत बी न्हाई!"

मी हसले. आत नुसता कोळसा.

तू धावत आलीस. एवढी माणसं होती, पण आधी मला विचारलंस, "बाई, कसं झालं?" आणि मी म्हणाले, "पायाचं पेडल फार दाबतेस. पुण्यात एवढंही सांगत नाहीत का?"

"चुकलं असेल, बाई," म्हणालीस आणि गेलीस, ती गेलीसच.

पेडल अगदी बरोबर होतं गं. तेव्हाही मला कळत होतं. त्या मॅडमना मी कधी पाहिलं नाही, पण त्या तुला चहा देतात का, कुठल्या कपात देतात, हे मनात आलं तरी जीव जळतो. अजून जळतो, खोटं कशाला सांगू?

हल्ली स्टूल भिंतीला लावते, डावा खांदा टेकवून वाजवते. तरी चौथ्या ओळीला भाता सुरू होतोच. त्यांनी तुझा हात कसा सोडवला, ते मला शिकायचंय. पण तुझ्याकडून, त्यांच्याकडून मुळीच नाही.

या शनिवारी पुन्हा ये. नेहमीचीच एसटी धर. पेडलचं नावसुद्धा काढणार नाही, पण नक्की ये गं.