वहिनीच्या पायाखालचा ब्रेक

दादाच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दादाच्या अशा दोनच गोष्टी: बाहेरची पाटी आणि मिजास. बाकी सगळा भार वहिनीवर. शिकणारा स्टिअरिंगला लटकलेला असतो आणि शेजारच्या सीटवर वहिनी, तिच्या पायाखाली जादा ब्रेक. समोर कुत्रं आलं की शिकणारा डोळे मिटतो आणि गाडी वहिनी थांबवते. मी टेबलामागे बसून नावं नोंदवते आणि तमाशा बघते.

एक मूल पुरे, असं ठरवून वहिनीने गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या आणि गोळ्यांनी तिचा पिच्छाच पुरवला. पोट फुगायचं, डोकं जड व्हायचं. छाती तर इतकी दुखायची की शिकणाऱ्याने कचकन ब्रेक मारला आणि सीटबेल्ट आवळला, की तिच्या तोंडून जे बाहेर पडायचं ते अभ्यासक्रमात नव्हतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पहिल्यांदाच गाडी नीट रिव्हर्स घेतली, तर ही हमसून हमसून रडली. चुकलं वाटून त्या बिचाऱ्यांनी गाडी पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवली.

दादाला आयतंच कोलीत मिळालं. भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं, तरी "गोळीमुळे." पंखा आवाज करतोय म्हटलं, तरी "गोळीमुळे." शेवटी म्हणाला, "गोळी बदल, नाहीतर तू टेबलावर बस. गाडी मी बघतो." मग मी कुठे बसायचं, हे कुणी विचारलंच नाही. पण मला खरी काळजी वहिनीची होती. ती गाडी म्हणजे तिचा जीव की प्राण. टेबलावर ती कोमेजली असती.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. वेगळ्या हार्मोनची गोळी लिहून दिली आणि म्हणाल्या, "सगळ्यांना एकच गोळी मानवते असं नाही. अंगवळणी पडायला दोन-तीन महिने द्या. त्रास वाढला तर मात्र थांबू नका, लगेच या."

पहिला महिना यथातथाच गेला. पुढे मात्र सीटबेल्ट गुमान बसायला लागला, डोकं हलकं झालं, आणि मुख्याध्यापकांनी फुलांची कुंडी आडवी केली तरी वहिनी हसली. आम्ही सगळे सुटलो.

आणि एक दिवस ती म्हणाली, "अहो, माझ्या बाजूचा ब्रेक ढिला झालाय. पाय तळाला टेकतो, तरी गाडी विचार करत बसते."

दादाने मान वर न करता विचारलं, "ही गोळीपण मानवत नाही वाटतं?"

मी बोलणार होते, वहिनीने डोळ्यांनीच मला गप्प केलं. आठवडाभर तिने एकाही शिकणाऱ्याला रस्त्यावर नेलं नाही. सरावाच्या मैदानावरच गोल गोल फिरवलं, तेही एक हात हँडब्रेकवर ठेवून. दादा म्हणाला, "बघ, भित्री झालीयेस. उद्यापासून टेबल."

"बसते की," वहिनी म्हणाली. "आधी माझी जागा कशी सांभाळायची ते तर शिकून घ्या."

तिने दादाला आपल्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. मी मागच्या सीटवर. असा खेळ कोण सोडेल? रिकाम्या मैदानाच्या टोकाला पत्र्याची पिंपं उभी होती. वहिनीने गाडी सरळ त्यांच्यावर घातली. फार वेगात नाही, पण मजेत, गुणगुणत.

"अगं, पिंपं!"

"दिसतायत. मारा ना ब्रेक."

दादाने पाय दाबला. मग दोन्ही पाय दाबले. मग माझी आणि त्याची आई एकच असल्याने आम्ही दोघांनी तिलाच हाक मारली. पिंपं वीतभर अंतरावर आली, तेव्हा वहिनीने आपल्या पायाखालचा ब्रेक शांतपणे दाबला. गाडी थांबली. दादाचा घाम थांबेना.

"ब्रेक... लागतच नाहीये," तो म्हणाला.

वहिनीने सीटबेल्ट काढला आणि मोठ्या काळजीने त्याच्या कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्ही कधीपासून घेताय गोळी?"