झारीकाकूंचे पाइन

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा झारीकाकू घेवडा लावत होत्या. बोटानं माती टोचायची. दुसरं पेर बुडालं की बी टाकायचं, माती लोटायची, पुढं सरकायचं. खाली त्या बघतच नव्हत्या. बघत माझ्याकडे होत्या.

"लिहायला आलीस ना? मग लिही. माझ्या तोंडावर काय लिहिलंय?"

मी शहराच्या रोपवाटिकेत फलक लिहायला आले होते. शाळेची मुलं तिथं सहलीला येत. त्यांच्यासाठी साहेबांना एक मोठा फलक हवा होता. एक लहान पीक आणि एक मोठं झाड शेजारी शेजारी. दोघांना वाढायला काय लागतं आणि दोघं आपल्या काय कामाला येतात. साहेबांनी घेवडा आणि पाइन ठरवले होते. मी साहित्याची पदवीधर. झाडांवर पुष्कळ वाचलेलं, लावलेलं एकही नाही.

"काकूंना विचारा," साहेब म्हणाले. "त्यांना घेवडा स्वप्नात पण दिसतो."

"स्वप्नात नाही दिसत," काकू म्हणाल्या. "दिवसभर बघून कंटाळा येतो."

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल. बाविसाव्या वर्षी त्या इथं मातीच्या पाट्या उचलायला आल्या. चौतीस वर्षं हातात झारी, म्हणून झारीकाकू. भिंतीकडचा वाफा त्यांचा. कागदावर तसं कुठं नव्हतं, पण त्या वाफ्यात दुसरं कोणी खुरपं घालत नसे. तिथं दरवर्षी त्या घेवड्याचं बियाणं धरत. सहा दिवसांत कोंब, दोन महिन्यांत शेंगा, तीन महिन्यांत वाळलेलं बी डब्यात.

त्याच आठवड्यात वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. पाण्याच्या टाकीमागचा उतार उघडा पडला होता. माती घसरून कुंपणाला टेकली होती. तिथं लावायला पाइनची दोनशे रोपं हवी होती. सात महिन्यांनी अधिकारी येऊन दोनशे जिवंत रोपं मोजणार. नसली तर रोपं बाहेरून येणार, आणि भिंतीकडच्या वाफ्यावर फरशी घालून गाड्या उभ्या करायची सोय होणार.

साहेबांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. इथं पाइन कोणीच कधी रुजवला नव्हता.

काकूंनी हात झटकले. "बी कुठंय?"

बी आलं. लहान, तपकिरी, एका बाजूला पातळ पंख. काकूंनी ते तळहातावर घेतलं आणि हसल्या. "एवढंसं? याचं झाड होतं?"

मग त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. दुसऱ्या पेराएवढं खोल बी. भरपूर शेणखत. सकाळ-संध्याकाळ झारी. एक आठवडा गेला. दोन गेले. घेवड्याचा वेल काठीला लागला. पाइनच्या ट्रेमध्ये शेवाळ आलं. चौथ्या आठवड्यात दहा-बारा कोंब वर आले आणि दोन दिवसांत मानेशी काळे पडून आडवे झाले.

काकूंनी चमच्यानं माती उकरली. बाकीचं बी आत कुजलं होतं.

मला वाटलं रडतील. त्यांनी ट्रे उपडा केला.

"लाड केले मी त्याचे. खोल पुरलं, खाऊ घालून मारलं," त्या म्हणाल्या. "लिही तुझ्या फलकावर. घेवड्याला खत, पाणी, काठी. पाइनला यातलं काही नको."

"मग काय हवं?"

"ते कळलं की सांगते. तोवर जागा सोड."

त्या दुपारी त्या मला घरी घेऊन गेल्या. काका, म्हणजे त्यांचे यजमान, आयुष्यभर सुतारकी करत होते. डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक करवतीनं नेलेलं. मी उपयोग विचारले तेव्हा ते खुलले.

"पाइन? खिळा ठोकावा लागत नाही. नुसता दाखवला तरी आत जातो. खोकी, फळ्या, मुलांचे पलंग. हलकं लाकूड. डिंक मात्र वाईट, करवतीचे दात चिकटतात. त्याच डिंकापासून टर्पेंटाइन काढतात, रंगात घालायला."

"आणि झाड कापण्याजोगं कधी होतं?"

"तीस वर्षं धर." ते बायकोकडे वळले. "आमच्या बाईसाहेब आता बी पेरून टेबल करायला निघाल्यात. जेवायला कधी बसायचं म्हणे? छप्पन्न आणि तीस, शहाऐंशीला!"

"तुम्ही या जेवायला," काकू म्हणाल्या. "वाढायला मी आहेच."

मी वहीत लिहिलं. घेवडा : कोवळ्या शेंगांची भाजी, वाळलेले दाणे, पाला गुरांना, मुळं जमिनीला. पाइन : लाकूड, डिंक, वारा अडवायला, माती धरायला. घेवड्याची ओळ एका उन्हाळ्यात खरी होत होती. पाइनची माझे केस पिकल्यावर. एवढा फरक मी कोणत्याच पुस्तकात बोटावर मोजला नव्हता.

दुसऱ्या पेरणीला काकूंनी सगळं उलट केलं. तीन वाटे वाळू, एक वाटा माती. शेणखत नाही. बी वरच्यावर, नखभर मातीखाली. ट्रे उघड्या उन्हात. झारी हातात घ्यायची नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं. सवयीनं हात जायचाच. मग त्यांनी झारी माझ्या टेबलाखाली ठेवली.

"मागितली तरी देऊ नकोस."

त्या दिवसातून चार वेळा मागायच्या. मी द्यायची नाही. "निर्दयी आहेस," म्हणायच्या आणि निघून जायच्या.

चोविसाव्या दिवशी कोंब आले. प्रत्येकाच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं. टोपी पडली की सुयांसारख्या हिरव्या पानांचा झुपका उघडे. तीनशे पेरले होते, अडीचशे उगवले. साहेबांनी साऱ्यांना चहा पाजला. काकूंनी घेतला नाही.

"उगवणं म्हणजे जगणं नाही," म्हणाल्या.

त्यांचं खरं ठरलं. दोन महिन्यांनी रोपं जागच्या जागी थांबली. सुया पिवळ्या, टोकांना जांभळी झाक. रोज दोन-चार जात होती. साहेब म्हणाले, खत घाला. काकू नाही म्हणाल्या. साहेबांचा आवाज चढला. "वाफा तुमचा जाणार आहे काकू, माझा नाही!"

"म्हणूनच नाही म्हणतेय."

त्या भिंतीकडच्या वाफ्यात गेल्या आणि नंतर लावलेल्या घेवड्याचा भरात आलेला एक वेल मुळासकट उपटला. त्यांनी मूळ पाण्यात धुतलं. मुळावर बारीक मण्यांसारख्या गाठी होत्या. एक गाठ त्यांनी नखानं फोडली. आत गुलाबी.

"हे बघ. हवेतलं खत मातीत आणणारे जीव यात राहतात. साहेबांनी मला पहिल्या वर्षी शिकवलेलं, आधीच्या साहेबांनी. घेवडा एकटा जगत नाही. याच्या मुळाला शिदोरी बांधलेली असते." मग त्यांनी पाइनचं एक मेलेलं रोप उपटलं. मूळ नुसतं, उघडं. "याची शिदोरी कुठंय?"

साहेबांनी ते मूळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"लहानाला विचारून कळत नसेल तर मोठ्याला विचारायचं," काकू म्हणाल्या आणि बादली उचलली.

शहरात मोठा पाइन एकच होता, इस्पितळाच्या आवारात. आम्ही चालत गेलो. काकू झाडाखाली बसल्या, गळलेल्या सुयांचा थर बाजूला केला आणि हातानं माती उकरू लागल्या. रखवालदार धावत आला.

"ओ मावशी! काय पुरताय?"

"पुरत नाही. काढतेय."

"काय काढताय?"

"माती."

"मातीची चोरी?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. "यांना आत दाखवायला आणलंय का?"

"चोरी कसली, विरजण नेतेय," काकू म्हणाल्या. त्यांनी एक ढेकूळ फोडून त्याच्या नाकाखाली धरलं. पाइनच्या बारीक मुळांवर पांढऱ्या धाग्यांची जाळी होती, पावासारखा वास. बुरशी. "दुधाला विरजण लागतं ना? तसं याला हे लागतं. वाळूत हे नव्हतं, म्हणून माझी पोरं उपाशी."

रखवालदारानं वास घेतला. मग दुसरी बादली तोच घेऊन आला.

प्रत्येक रोपाच्या मुळाशी एकेक चमचा माती. दोन दिवस लागले. आम्ही दोघी गुडघ्यांवर. माझी पाठ मोडली, काकू उठल्या नाहीत. पुढचे तीन आठवडे काहीच झालं नाही. रोपं मरत राहिली. काकू रोज सकाळी मेलेली उपटत, उरलेली मोजत, आकडा मला सांगत. आवाजात काही नसे. दोनशे सव्वीस. दोनशे एकोणीस. दोनशे बारा. दोनशे अकरा.

मग दोनशे अकरा. पुन्हा दोनशे अकरा. एका सकाळी सुयांच्या मध्यातून नवा हिरवा कोंब दिसला. काकूंनी तो बोटानं हलकेच दाबून पाहिला, जणू खोटा असेल.

सातव्या महिन्यात अधिकारी आले. घेवडा कधीच निघाला होता. भिंतीकडच्या वाफ्यात, ट्रेमधून पिशव्यांत घेतलेले पाइन उभे होते, एकेक जेमतेम बोटाएवढा. अधिकाऱ्यांनी स्वतः मोजले. दोनशे अकरा.

"छान," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात उतारावर लावू. म्हणजे हा वाफाही रिकामा होईल. रोपं जगली तरी फरशीचं ठरलंय, काम अडकलंय."

साहेबांनी मान खाली घातली. मी काकूंकडे पाहिलं.

"पुढच्या महिन्यात नाही," काकू म्हणाल्या.

"का बरं? रोपं तयार आहेत."

"जिवंत आहेत. तयार नाहीत. पाऊस आला की हे बोटभर पोर मातीसकट कुंपणाशी जाईल. गुडघ्याएवढं होऊ दे. दीड वर्ष तरी इथंच."

"दीड वर्ष?"

"घेवडा असता तर तीन महिन्यांत वाफा झाडून दिला असता. तुम्हीच पाइन मागितला."

अधिकारी साहेबांकडे वळले. "खरंय हे?"

साहेबांनी मान वर केली. "अगदी खरं. हलवली तर मरतील."

अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी खोडलं. निघायला वळले, तर काकू वाटेत.

"आणखी एक. उतार मोजलाय कुणी?"

"म्हणजे?"

"मी मोजला. रविवारी, यजमानांना घेऊन, पावलांनी. दोनशेनं कुंपणाजवळची पट्टीसुद्धा झाकत नाही. नऊशे लागतील. दरवेळी दोनशे-तीनशे पेरायचे म्हटले तरी तीन-चार पेरण्या. एक गेली की दुसरी याच वाफ्यात."

"काकू, तुम्ही दोन वर्षांत निवृत्त होणार," साहेब हळूच म्हणाले.

"हो ना." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला झारी लपवता येते. बाकीचं शिकवते."

अधिकाऱ्यांनी वाकून एक बोटाएवढं रोप उचलून पाहिलं, परत जागेवर ठेवलं. मग त्यांनी पेन पुन्हा उघडलं.

"नऊशे म्हणालात?"

"नऊशे," काकू म्हणाल्या. "लिहा."