बाईंचे तेरा मार्क

कुणी शिकवायला उभं राहिलं की गायकवाडबाई वही उघडायच्या. केंद्रावरच्या प्रशिक्षणात आम्ही मागे बसून पोहे कधी येतात याची वाट बघायचो; बाई पहिल्या बाकावर बसून सांगणाऱ्याचे विनोदसुद्धा उतरवून घ्यायच्या. मी चेष्टा केली की म्हणायच्या, "हस गं हस! लिवल्याशिवाय माझ्या डोक्यात काय शिरत नाय."

खालापूरकडच्या आमच्या शाळेत शिक्षक दोनच. मी नवी, त्या निवृत्तीला आलेल्या. दहिवलीहून यायच्या, तरी माझ्या आधी हजर. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली, वर्गाबाहेर घरची.

त्या वर्षी प्रशिक्षण मोबाइलवर आलं. बारा व्हिडिओ बघायचे, शेवटी वीस प्रश्नांची चाचणी. शनिवारपर्यंत ज्यांचं राहील त्यांची नावं बैठकीत वाचून दाखवणार होते. एवढ्या नोकरीत बाईंचं नाव तशा यादीत कधी आलं नव्हतं.

बाई व्हिडिओ थांबवून वहीत लिहायच्या. अक्षर सुंदर, म्हणून सावकाश. तेवढ्यात ॲपला वाटायचं, समोर कुणी नाहीच. मग ते बंद व्हायचं, पुन्हा पासवर्ड, पुन्हा व्हिडिओ पहिल्यापासून. चौथ्यांदा तसं झालं तेव्हा बाई मोबाइलवर ओरडल्याच, "अरे, हितंच हाय मी! लिवतेय ना!" मला फिसकन हसू आलं. मग त्यांचे भरलेले डोळे दिसले आणि मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"बाई, तो नुसता चालू ठेवायचा आणि आपली कामं करायची. सगळे तेच करतात."

"मंग शिकायचं कवा?"

शुक्रवारपर्यंत त्यांचे पाचच व्हिडिओ झाले. मला राहवेना. पासवर्ड मीच घालून दिला होता. संध्याकाळी घरी स्वयंपाक करता करता त्यांच्या नावाने उरलेले सगळे चालवले आणि चाचणीही देऊन टाकली. वीसपैकी वीस! सकाळी मोठ्या तोऱ्यात प्रमाणपत्र दाखवलं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "नाव माझं नि उत्तरं तुजी."

"बाई, तुमच्यासाठीच केलं हो."

"म्हाईत हाय गं मला." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुदतीची कटकट संपली होती. पुढचे पंधरा दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी राहिलेले सातही व्हिडिओ बघितले, वही भरली. मग एक दिवस फुलस्केप कागद घेतला, समास पाडला, वर नाव घातलं आणि मला म्हणाल्या, "सांग प्रश्न." पोरांनाही कळलं, बाईंची परीक्षा आहे. वर्ग चिडीचूप. मी ॲपवरचे तेच वीस प्रश्न एकेक करून सांगितले.

"तपास आता. पोरांचं तपासतेस तसंच. दया नको."

लाल पेन हातात घेताना मला माझीच लाज वाटली. पहिल्या चुकीशी मी थबकले. बाई बघत होत्या. फुली मारली. तेरा आले.

मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी कागद बघून सांगितलं, "या वयातही बाईंना ऑनलाइन चाचणीत वीसपैकी वीस!" टाळ्या सुरू झाल्या. बाई खुर्चीतून उठल्या.

"तेरा, साहेब," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे हात केला. "हिनंच तपासलेत."