पुसून टाकलं, असं मी सांगितलं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी फोन हरवला, सापडला, विषय संपला. तुम्हाला का सांगतेय? — खरंच माहीत नाही. फोन वाजला की अजून मी तो लगेच उचलत नाही, एवढं माहीत आहे.

नवऱ्याच्या कडकोळच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही सांगलीहून म्हैसूरला आलो. कुवेंपुनगरात घर घेतलं. मराठीत बोलायला कुणी नाही म्हणून जीव कासावीस व्हायचा. मग एकदा ब्लाऊज शिवायला टाकायला गेले आणि शिलाईमशीनमागून मराठी ऐकू आलं — अर्धं कानडी मिसळलेलं, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या घरातलं. ती रुक्मिणी. या गावातली माझी मैत्रीण. एकमेव, खरं तर.

तिचा नवरा नागेश तिला मारायचा. हे तिनं फार उशिरा सांगितलं, दुकानाचा पडदा ओढून, दंडावरचे वळ दाखवत. फोटो काढ म्हणाली, तुझ्या फोनात ठेव. तिचा स्वतःचा फोन रोज संध्याकाळी नागेशच्या हातात जायचा, तो सगळं वाचायचा. म्हणून माझा फोन. वळांचे फोटो, मुलीचे शाळेचे कागद, गावाबाहेर येलवालला गुपचूप ठरवलेल्या खोलीचा पत्ता — सगळं माझ्याकडे. मुलीची परीक्षा झाली की दोघी तिथं जाऊन राहणार होत्या. हे आणखी एकाच माणसाला माहीत होतं, तिच्या भावजयीला. शोभाला. खोली तिनंच शोधून दिली होती.

आणि माझ्या फोनला लॉक नव्हतं.

स्वयंपाक करताना ओल्या बोटांनी उघडत नाही, म्हणून मीच काढून टाकलं होतं. दुसऱ्या बाईचा जीव ज्या फोनात ठेवला, त्याचं लॉक — कणकेच्या हातासाठी.

तो फोन मी ऑटोत विसरले. घरी येऊन पिशवी उलटी केली, सोफ्याखाली हात घातला, पुन्हा पिशवी उलटी केली. नवरा गावाला गेलेला. शेवटी लॅपटॉप उघडला. नकाशावर फोनचा ठिपका दिसत होता, सरकत होता. शेजारी पर्याय होते — आवाज करा, लॉक करा, सगळं पुसून टाका.

आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तिनं बोलून पाठवलेले निरोप — जेवलीस का, लोणच्याला मीठ कमी पडलं बघ — फक्त त्या फोनात होते. दुसरीकडे साठवून ठेवू, उद्या करू, उद्या करू, म्हणत राहिले होते. पुसलं तर आई जाणार. लॉक केलं तर ज्याला सापडेल तो वैतागून फेकून देईल, असं वाटलं. लॉक केलेल्या स्क्रीनवरही आपला दुसरा नंबर दाखवता येतो, हे तिथंच लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही.

रुक्मिणी तेव्हा आठवलीच नाही, असं म्हणू का? ते आणखी एक खोटं होईल. आठवली. आठवली, आणि तरी मी आवाजाचं बटण दाबलं.

आवाज ऐकून ऑटोवाल्यानं मागच्या सीटवरचा फोन उचलला. भला माणूस. शेवटचा कॉल ज्या नंबरचा होता, त्यालाच त्यानं फोन लावला. नंबर रुक्मिणीचा होता. पण संध्याकाळ झाली होती — उचलला नागेशनं.

हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त ठिपका रुक्मिणीच्या गल्लीत जाऊन थांबलेला दिसला. मी बघत बसले. पुसायचं बटण तेव्हाही होतं. तेव्हाही! फोन तिच्याच हातात असेल, असं स्वतःला सांगत राहिले. त्या वेळी तिचा स्वतःचा फोनही तिच्या हातात नसायचा, हे मला ठाऊक नव्हतं का?

सकाळी नागेश दारात. फोन माझ्या हातात ठेवत हसला.

“ताई, लॉक लावत जा. दिवस चांगले नाहीत.”

चहा नको म्हणाला. तो गेल्यावर मी स्क्रीन उघडली. समोर फोटो होता. तिचा दंड.

दुपारी रुक्मिणी धापा टाकत आली. “फोन ह्यांच्याकडं होता की ग रात्रभर! आतलं सगळं—”

“ते मी आधीच पुसून टाकलं होतं,” मी म्हणाले. “लॅपटॉपवरून. फोन तुमच्या गल्लीत दिसला, तसा लगेच.”

“खरं? निजा?” तिनं कानडीतही विचारलं.

“खरं.”

ती मटकन खाली बसली. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, “अय्यो, मग तुझ्या आईचं बोलणं? तेपण गेलं?”

मी मान हलवली. आणि ती मला जवळ घेऊन रडली. माझ्या आईसाठी. फोन माझ्या मांडीवर होता, आई त्यातच होती.

तुम्ही म्हणाल, तरी वेळ होता. होता ना! खोली बदलता आली असती, त्याच दिवशी निघता आलं असतं. एक वाक्य बोलायचं होतं — त्यानं पाहिलंय. मी रोज ते जुळवायचे, रोज तिच्या दुकानापर्यंत जायचे. बसायचे. गप्पा मारायचे. उठायचे. तिच्या नजरेतून उतरायची भीती मला तिच्या जिवापेक्षा मोठी वाटली.

नागेश मात्र गप्प होता. परीक्षा संपली तशी त्यानं मुलीला दावणगेरेला आपल्या आईकडे नेऊन ठेवलं, तिथल्याच शाळेत नाव घातलं. रुक्मिणी धावत येलवालला गेली, निदान खोली तरी हातात राहावी म्हणून. घरमालकिणीनं दार पुरतं उघडलंसुद्धा नाही. तुमचे मिस्टर येऊन गेले, म्हणाली, खोली दुसऱ्यांना दिली.

मुलगी तिकडं. आई कुठं जाणार? दुकान बंद करून रुक्मिणी दावणगेरेला गेली. त्याच्याच घरात.

जाण्याआधी मशीन बांधताना म्हणाली, शोभानंच सांगितलं, दुसरं होतंच कोण? भावाच्या घरचं पाणीही पिणार नाही आता. मी दोरीचं दुसरं टोक धरलं होतं. गाठ मारायला मदत केली.

आता तिचा क्वचित फोन येतो. बरं आहे, म्हणते. आवाज असा, की पुढं विचारवत नाही.

मध्यंतरी भाजी घेताना शोभा भेटली. वाळली होती. नणंद बोलत नाही, नवरा संशय घेतो, म्हणाली. रस्त्यातच तिला रडू फुटलं. “देवाशपथ, मी नाही ग सांगितलं. तुला तरी पटतं का?”

मी तिचा हात हातात घेतला.

“पटतं,” म्हणाले. “माझा विश्वास आहे तुझ्यावर.”

तिनं पदरानं डोळे टिपले. “तू एकटीच आहेस ग, असं म्हणणारी.”

मी तिची पिशवी बसस्टॉपपर्यंत नेऊन दिली.