पहिल्या वर्षाचा राइट आऊट

कृष्णात चौगुलेला बसता येत नसे. गुडघे-बिडघे ठणठणीत होते, तक्रार तिथली नव्हती. बूड टेकलं की त्याचे पाय आपोआप चालू व्हायचे. जेवायला पाटावर बसला तरी उजवा पाय ताटाला ठोकर मारायचा आणि आक्का चुलीपासून ओरडायची, "आरं आमटी हाय ती, बॉल न्हवं!"

आक्का ही त्याची थोरली बहीण, शिवाजी पेठेत दिलेली. कागलजवळच्या गावातून मॅट्रिक होऊन कृष्णात तिच्याकडं राहायला आला तो कॉलेज शिकायला म्हणून. पेठेनं पंधरा दिवसांत त्याला राइट आऊट केला. फुटबॉलच्या मैदानाच्या उजव्या कडेनं सुसाट पळायचं आणि गोलासमोर बॉल आणून टाकायचा, हे काम. ज्याला बसता येत नाही त्याला याहून चांगली नोकरी कोण देणार?

पेठेच्या तालमीच्या टीमकडून तो खेळायचाच, पण कॉलेजच्या टीमलाही तो हवा होता. आणि कॉलेजच्या टीममध्ये राहायचं तर कॉलेजात नाव पाहिजे. पास व्हायला पाहिजे असं कुठं म्हटलंय? उलट पोरगा पास होत गेला तर बघता बघता बी.ए. होऊन बाहेर पडणार, आणि त्याला तयार करण्यात घातलेली मेहनत पंचगंगेत. तेव्हा कृष्णात एक वर्ष आर्ट्सच्या पहिल्या वर्षात होता, दुसऱ्या वर्षी कॉमर्सच्या पहिल्या वर्षात, आणि तिसऱ्या वर्षी परत आर्ट्सच्या पहिल्या वर्षात. इतर पोरं कॉलेजचा जिना चढत होती. हा पहिल्याच पायरीवर आडवा पळत होता.

गावाकडं त्याच्या वडिलांना, आण्णांना, लोक विचारायचे, "पोरगं कितवीत हाय?"

"पयल्या वर्सात."

"गेल्या साली बी पयल्यातच हुतं की."

"ते येगळं पयलं," आण्णा सांगायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे.

कृष्णातला याचं फारसं वाईट वाटत नसे. त्याला वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तिसऱ्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तर साली, सांगलीच्या टीमबरोबर फायनल होती. खेळ संपत आलेला. गोली जमिनीवर पडलेला, गोल सताड उघडा, आणि बॉल कृष्णातच्या पायात. त्यानं मारला आणि तो खांबावर आदळला. तो 'टण्ण' आवाज त्याच्या कानातून जाईना. देवळाची घंटा वाजली तरी तो दचकायचा. पेठेत कुणी मुद्दाम बोललं नाही, पण चहाच्या गाड्यावर चमच्यानं ग्लास वाजवायची पोरांना सवय लागली. आता त्याला एकच गोष्ट हवी होती. पुढच्या मोसमात तीच जर्सी, तीच सांगली, आणि पुन्हा एकदा तसाच उघडा गोल.

आणि नेमके त्याच साली कॉलेजला नवे प्रिन्सिपॉल आले. त्यांनी आल्या आल्या जिमखान्याच्या घोरपडे सरांना बोलावून सांगितलं, "यापुढं जो विद्यार्थी वरच्या वर्गात जाणार नाही, तो कॉलेजच्या टीममध्ये खेळणार नाही. शाखा बदलून पहिल्या वर्गात बसलेलासुद्धा चालणार नाही."

घोरपडे सर तडक मैदानावर आले. "कृष्णात, औंदा पास व्हायला लागतंय."

"कशात?"

"सगळ्यात!"

कृष्णातनं पायातला बॉल सोडला. असं आयुष्यात क्वचितच झालं असेल.

बाकीचे विषय त्यानं पूर्वी एकदा-दोनदा बघितलेले होते, त्यामुळं तोंडओळख होती. खरी भिंत होती ती तर्कशास्त्राची. तो विषय प्राध्यापक यज्ञेश्वर सोहोनी शिकवायचे. सडपातळ माणूस, आवाज हळू, धोतराला कडक इस्त्री. ते आधी माणसं मर्त्य असल्याचं सांगायचे, मग सॉक्रेटिस माणूस असल्याचं सांगायचे, आणि मग सॉक्रेटिस मेला हे इतक्या शांतपणे सिद्ध करायचे की मागच्या बाकावरच्या पोरांना सुतक आल्यासारखं व्हायचं. कृष्णात त्या तासाला बसला की पुढच्या बाकावरची पोरं जागा बदलायची, कारण पाठीत लाथा बसायच्या.

घरी बसून वाचायला घेतलं तर पान उलटायच्या आत हा दारात. शेवटी त्यानं रंकाळ्याची वाट धरली. हातात पुस्तक, पाय चालू. तळ्याला फेऱ्या मारत तो मोठ्यानं म्हणायचा, "पाऊस पडला असेल तर मैदान ओलं असेल. मैदान ओलं नाही. म्हणून पाऊस पडलेला नाही." म्हशी धुणारे त्याच्याकडं आणि आभाळाकडं आळीपाळीनं बघायचे. एक दिवस एकानं हटकलंच, "पावणं, पावसाचं काय म्हणताय?"

"पडला न्हाय म्हणतोय."

"ते दिसतंय की आमास्नी. त्याला पुस्तक कशाला?"

संध्याकाळी आक्का भाकरी थापता थापता पुस्तक पुढ्यात ठेवायची, आणि हा सोप्यात बॉल पायावर झेलत पाठ म्हणायचा. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एखादा शब्द चुकला की ती पिठाचं बोट पुस्तकावर ठेवून म्हणायची, "हितं असं न्हाय." बॉल खाली पडला तरी तिला कळायचं की चुकलं. हळूहळू बॉल पडेनासा झाला.

तर्कशास्त्राच्या पेपरला तो तीन तास बसला. त्याच्या मते गुणपत्रिकेत या बसण्याला वेगळे मार्क हवे होते. चुकीच्या अनुमानाचं स्वतःचं उदाहरण द्या, असा प्रश्न होता. कृष्णातनं लिहिलं: सर्व राइट आऊट वेगाने पळतात. आमच्या तात्यांचा घोडा वेगाने पळतो. म्हणून तात्यांचा घोडा राइट आऊट आहे. आणि खाली हे का चुकीचं आहे तेही नीट लिहिलं. लिहिताना त्याला पहिल्यांदाच वाटलं की या विषयात पळायला जागा आहे.

तात्या म्हणजे सयाजीतात्या. पेठेत सायकलींचं दुकान, तालमीत मोठा मान, दारात खरोखरच एक टांग्याचा घोडा. टीम जिंकली की फेटा उडवायचे, हरली की दुकान उघडायचे नाहीत. कृष्णातवर त्यांचा जीव होता. आणि पेठेत ज्याच्यावर जीव असतो, त्याच्यासाठी शब्द टाकायची पद्धत आहे. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न ठरलं, कुणी पास झालं, तर पहिला प्रश्न ठरलेला: "कुणी शब्द टाकला?" आपलं आपण काही झालं असेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. खेळाडू पास झाला तर विचारायचीसुद्धा गरज नसायची.

परीक्षा होऊन दोनेक आठवडे गेले असतील. कृष्णातला झोप नव्हती. घरात बसवत नव्हतं आणि बाहेर थांबवत नव्हतं. असाच तो दुकानावरून चालला होता तेव्हा तात्यांनी पंक्चरच्या टबातून हात वर काढून बोलावलं.

"काय रं, तोंड का पाडलंयस? काळजी करू नगंस. तुजं काम झालंय."

"कसलं काम?"

"सोहोनी मास्तरकडं गेलतो. चौघं जण गेलतो. व्याह्यानं चंदगडचं काजू दिलतं, त्ये बी नेलं." तात्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे रस्त्याच्या पलीकडं ऐकू जाईल एवढा. "म्हटलं, मास्तर, आमचं पोरगं औंदा लई अभ्यास कराय लागलंय. चुकून पास हुईल. तेवढं नापास करा."

कृष्णातच्या पायांनी हालचाल थांबवली.

"तात्या..."

"आभार नगं मानूस. घरचंच हाय."

"तात्या, आता नियम बदललाय! नापास झालो तर टीमच्या भाईर! वरच्या वर्गात गेलो तरच जर्सी!"

तात्या टबाकडं बघत राहिले. ट्यूबमधनं बुडबुडे येत होते. "मग ह्ये अगुदर सांगायचं की रं," ते शेवटी म्हणाले. "माणसानं मायाबी करायची का न्हाई?"

पण ऐकायला कृष्णात जागेवर नव्हता. तो उजव्या कडेनं सुटला होता. बिंदू चौकात एका हातगाडीला वळसा, स्टेशनाकडच्या वाटेवर दोन टांगे मागं, आणि राजारामपुरीत सोहोनी सरांच्या फाटकापाशी आला तेव्हा त्याला धाप लागली होती ती पळण्याची नव्हती.

सर व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. "बसा," ते म्हणाले.

"बसवत न्हाय सर."

"ते मी वर्षभर पाहिलं आहे. मग उभ्यानं सांगा."

कृष्णातनं सांगितलं. नियम, जर्सी, सांगली, खांब, तात्या, सगळं उलटसुलट. सर चष्म्यावरून बघत होते.

"दर वर्षी माझ्याकडे लोक येतात," सर म्हणाले, "पास करा म्हणायला. नापास करा म्हणून कोणी काजू आणल्याची ही पहिलीच वेळ. मला वाटलं, तुमचं कुणाशी वैर आहे."

"न्हाय सर. लई प्रेम हाय त्यांचं."

"असं असेल तर वैरी परवडले. काजू मी त्याच पिशवीत त्यांच्या सायकलीला अडकवून दिले."

"आन् मार्क, सर?"

"गुण कालच कचेरीत दिले. आता त्यात तुम्ही काही करू शकत नाही, आणि मीसुद्धा नाही."

"पण त्यांनी सांगितल्यावर तुमी..."

तेवढ्यात फाटकाशी सायकल आदळली. सयाजीतात्या, कपाळावर घाम, हॅण्डलला तीच काजूची पिशवी. सायकल आडवी टाकून ते तिथूनच ओरडले, "मास्तर! त्ये परवाचं उलटं करा! पास करायचं हुतं!"

शेजारच्या दोन घरांच्या खिडक्या उघडल्या. सर उठले. त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

"गृहस्थहो," ते तात्यांना म्हणाले, "तुमची पहिली विनंती मी ऐकली नव्हती, आता दुसरीही ऐकलेली नाही. पिशवी न्या." मग कृष्णातकडं वळून, "आणि तुम्ही जाताना फाटक लावून घ्या. तुमच्या पायानं नको, हातानं."

परतीच्या वाटेवर तात्या सायकल ढकलत होते आणि कृष्णात त्यांच्या पुढं-मागं होत होता. 'विनंती ऐकली नव्हती' म्हणजे काय? सगळे मास्तर असंच म्हणतात. मनात काय असेल कुणाला ठाऊक? आणि विनंती ऐकली नसली तरी पेपर होता कसा? घोड्याचं उदाहरण सरांना थट्टा वाटली असेल तर?

"काजू खा," तात्या म्हणाले.

"नगं."

"मग मी तरी काय करू ह्येचं?" तात्या कळवळून म्हणाले, आणि दोघांनी मिळून पिशवी पेठेपर्यंत संपवली.

निकालाच्या दिवशी कृष्णातला फळ्यासमोर जायचं धाडस होईना. कॉलेजच्या फाटकापर्यंत जायचा आणि वळायचा. शेवटी आक्कानं पदर खोचला. "तू हो बाजूला," म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजच्या आवारात शिरली. पोरांच्या गर्दीतून वाट काढत तिनं तो कागद वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला, भाकरी थापताना फिरवायची तसंच. परत आली ती चेहरा न हलवता.

"हितं असं न्हाय," ती म्हणाली.

कृष्णात आल्या पावली वळायला लागला.

"मी म्हटलं हुतं चुकंल कुठंतरी. कुठंच चुकलं न्हाय. सगळ्यात पास हायस," आणि ती तिथंच, फाटकात, पदर तोंडाला लावून रडायला लागली.

संध्याकाळी पेठेत व्हायचं तेच झालं. चहाच्या गाड्यापासून तालमीपर्यंत प्रत्येकानं डोळा मारून विचारलं, "कुणी शब्द टाकला?" घोरपडे सरांचं नाव झालं, एका नगरसेवकाचं झालं. कृष्णात हसत होता, पण आत काहीतरी टोचत होतं. जर्सी मिळणार होती. ती आपली होती की कुणी दिलेली? खांबाचा आवाज गेला आणि त्या जागी हा नवा प्रश्न येऊन बसला.

रंकाळ्याला फेरी मारताना त्याचे पाय एकाएकी थांबले. मग दुप्पट वेगानं चालू झाले आणि थेट सायकलच्या दुकानात.

"तात्या, मार्क कचेरीत गेले त्याच्या अगुदर तुमी मास्तरांकडं एकदाच गेलता न्हवं?"

"व्हय."

"आन् नापास करा म्हटलता?"

"आता किती लाज काढशील?"

"लाज न्हाय तात्या, ऐका. मास्तरांनी शब्द ऐकला असता, तर मी नापास झालो असतो. मी नापास झालो न्हाय." त्याचा आवाज चढला. रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले. "म्हंजे मास्तरांनी शब्द ऐकला न्हाय. आन् काजू परत करणारा मास्तर दुसऱ्या कुणाचा तरी कशाला ऐकंल? म्हंजे माझ्यासाठी कुणाचाच शब्द न्हवता! माझ्या विरुद्ध हुता, तरी मी पास झालो!"

तात्यांनी पान्हा खाली ठेवला. सगळं डोक्यात उतरायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते उठले आणि चहाच्या गाड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्या पेठेत आपलं आपण पास झालेलं ह्ये एकच पोरगं हाय, आन् त्येचा पुरावा मी हाय! नापास करा म्हणून मी स्वतः गेलतो!" आणि फेटा उडवला.

थोड्या वेळानं मात्र त्यांचा चेहरा उतरला. "पन कृष्णात, असा दरसाली पास हुत गेलास, तर दोन-चार सालांत हातातनं जाणार की रं तू."

"व्हय," कृष्णात म्हणाला. हे त्याच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. पहिल्या पायरीच्या वर जिना होता, आणि जिना कुठंतरी संपत होता. ते ऐकून त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा थोडं जास्त बरं वाटलं.

पाऊस उघडल्यावर टीम सांगलीला निघाली. एसटीत जागा होत्या. घोरपडे सरांनी खिडकीकडची सीट दाखवली. कृष्णात जर्सी अंगात घालूनच आला होता. तो दांडा धरून उभा राहिला, जयसिंगपूर आलं तरी उभाच.

"बस की लेका," सर म्हणाले.

"तीन तास बसलो हुतो सर, एप्रिलात," कृष्णात म्हणाला. "औंदाचा कोटा संपला." आणि त्याचा उजवा पाय समोरच्या सीटला हळूहळू ठोकर देत राहिला.