मस्कतचं टोक

आगरदांड्याच्या जेटीवरचा आमचा तिकीटवाला कैस, लाँच दिघीला गेली की जुना लॅपटॉप उघडतो. त्यातल्या लिनक्समध्ये तो लॅपटॉपच्या आतल्या आत खोटी नेटवर्कं उभारतो. आहेत म्हटलं तर आहेत, नाहीत म्हटलं तर नाहीत. परवा त्यानं दोन उभारली. एकाचं नाव आगरदांडा, दुसऱ्याचं मस्कत, कारण त्याची बायको नूरैन तिथे नर्स आहे. मधे तशीच खोटी एक केबल टाकली आणि आगरदांड्याहून मस्कतला हाक पाठवली, म्हणजे पिंग केलं. समोर खाडी उन्हात चमकत होती. उत्तर येईना.

"मस्कत बोलत न्हाय," तो पुटपुटला.

लाँचसाठी बसलेल्या सुचितामावशी म्हणाल्या, "तिकडलं टोक चालू केलंस काय?"

केलंच नव्हतं! बारा वर्षं या धक्क्यावरून माणसं रवाना करणारा माणूस; पलीकडचं त्याला कधी सुचायचं? त्यानं केबलचं ते मस्कतकडचं टोक चालू केलं. पापणी लवायच्या आत उत्तर आलं, मग येतच राहिलं.

तो बघत राहिला. मग त्यानं नूरैनला फोन लावला. रोज इथलंच सांगायचा, आज विचारलं, "तुझं कसं चाललंय गं तिकडे?"

लाँच दिघीहून परत येऊन धक्क्याला लागली, तरी ती सांगतच होती.